लॉनवरचा रॉक : आमच्या बँडच्या प्रकल्प नोंदी

९ मार्च

बास गिटार वाजवणाऱ्या पोराला पुण्यात नोकरी लागली आणि त्याच्या जागी मला उभं केलंय. दिवसा मी टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघतो, त्यामुळे बासबरोबर स्टेजची वायरिंगही माझ्याच गळ्यात. नोंदी ठेवायचं गायिकेनं ठरवलं. "दर कार्यक्रमाला तेच ते पहिल्यापासून शोधत बसतो आपण," असं ती म्हणाली. खरं आहे.

कार्यक्रम २६ एप्रिलला, सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर. त्या तारखेला त्यांच्याकडे लग्न नाही, म्हणून भाडं निम्म्यावर आलं. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात करावा असं आधी चाललं होतं, पण ड्रमरनं मोडता घातला. खुर्चीत बसलेल्या माणसांसमोर त्याचे हात चालत नाहीत म्हणे.

आम्ही पाच जण. ड्रमर पूर्व भागातला, घरी तेलुगू. गिटारवाला अक्कलकोट रोडचा, घरी कन्नड. तोही पुण्यातच असतो आणि शनिवार-रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो. गायिका शाळेत मराठी शिकवते. हलगीवाले मामा मोहोळकडचे, आमच्या सगळ्यांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. पाचवा मी. गाणी सगळी स्वतःची. लोकांना सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बँड म्हंजे लग्नातला का बे?"

१५ मार्च

सरावाची जागा म्हणजे ड्रमरच्या चुलत्यांच्या मागांच्या शेडमागची खोली. भिंतींना डागाळलेल्या, विक्रीला न जाणाऱ्या चादरी टांगल्यात. सोलापुरात आवाज मारायला याहून स्वस्त माल मिळायचा नाही. पण चादर भिंतीला चिकटवून काही होत नाही. भिंतीपासून चार बोटं सोडून, पडद्यासारख्या चुण्या पाडून टांगली की झांजेचा चरचराट बराच उतरतो. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास मात्र ती अडवूच शकत नाही. बासच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लहर आठ मीटरहून लांब. आमची खोलीच तेवढी नाही. एक चादर किक ड्रमच्या पोटातही घातली. घुमत राहायचं, ते आता एक ठोका होऊन थांबतं.

शेजारी माग चालू असले की ड्रमरची लय जरा हलत नाही. गंमत म्हणून मोबाइलवर मोजलं: भिंतीपलीकडचा माग मिनिटाला ११२ ठोके देत होता आणि आमचं दुसरं गाणंही ११२ वर होतं. लाइट गेली, माग थांबले, आणि तेच गाणं १२० च्या पुढं पळालं. त्याला स्वतःला पत्ताच नाही. जन्मल्यापासून तो हा खटका ऐकतोय. लॉनवर माग नसणार, तेव्हा त्याच्या कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, द्यायचा.

२२ मार्च

आजच्या नोंदीवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर.

गायिकेनं मागच्या सरावाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. ते तिनं शाळेत शिक्षकांच्या खोलीत लावलं आणि सगळ्यांना कागद देऊन सांगितलं, ऐकू येईल ते लिहा. सरळ श्रुतलेखन. नळाच्या गाण्यातली ओळ आहे, 'घागर रिकामी, डोळे भरले, नळाला आली जाग'. कागदांवर आलं, 'नळाला लागली आग'. एकानं 'गाजर रिकामी' लिहिलं. गणिताच्या सरांनी पहिल्या ओळीनंतर कागद कोराच ठेवला आणि खाली शेरा मारला, 'वाद्ये उत्तम'.

रात्री अपरात्री येणाऱ्या पाण्याचं गाणं सोलापूरकरांना कळलं नाही, तर आम्ही वाजवायचं कुणासाठी? ड्रमर म्हणाला, रॉकमध्ये शब्द कोण ऐकतंय. मला हे पटत नाही. इंग्रजी गाणी ऐकताना शब्द न कळूनही आपण डोलतो, म्हणून मराठी गाण्याचे शब्द गिळून टाकायची मुभा मिळत नाही.

कारण शोधायला दोन तास घातले. स्वराचं, म्हणजे आ-ई-ऊचं, वजन खाली असतं. ते गर्दीतूनही पोचतं. ज, घ, ग यांत भेद करणारा जो बारीक फटकारा असतो तो वर, दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, आणि मुळातच कमजोर. नेमक्या त्याच पट्ट्यात गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज), हाय-हॅट (पायानं मिटायच्या झांजांची जोडी) आणि हलगीच्या कडेचा कडकडाट अशी तिघांची दाटी. माइक वाढवून उपयोग नाही. माइक वाढवला की गिटार वाढते, गिटार वाढली की ड्रमर जोरात मारतो, मग मी बास वाढवतो, आणि शेवटी सगळेच पहिल्यापेक्षा मोठे आणि शब्द होता तिथंच.

म्हणून उलटीकडून जायचं ठरलं. आवाज गायिकेच्या उघड्या गळ्यापासून मोजायचा. ती माइकशिवाय गाईल आणि खोलीत तिचे शब्द कळतील, इतपतच बाकीच्यांनी वाजवायचं.

२९ मार्च

ड्रमर चिडलेला. जाड काठ्यांनी हळू मारलं तर ड्रम मेल्यासारखा वाटतो, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. कातड्याला ठरावीक मार लागल्याशिवाय तो बोलत नाही. तोडगा त्यानंच काढला. बांबूच्या बारीक काड्यांची जुडी बांधून काठीसारखी वापरली. ठोका पूर्ण बसतो, पण आवाज बराच खाली. दुकानात असल्या जुड्या विकत मिळतात, त्यांची किंमत ऐकून त्यानं टोपल्या विणणाऱ्यांकडून काड्या आणल्या. सुटल्या की पुन्हा बांधायच्या.

गिटारवाल्याचं डिस्टॉर्शन अर्ध्यावर आणलं. त्याला वाटत होतं गाणं पुचाट होईल. रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्याचं त्यालाच कळलं की डिस्टॉर्शन कमी असताना तारेवरचा फटका जास्त टोकदार लागतो.

मामांना काही सांगावंच लागलं नाही. ते ओळ चालू असताना हलगीच्या मधोमध जाड काठीनं वाजवतात आणि ओळ संपली की बारीक काडीचा कडकडाट काढतात. गड्ड्याच्या यात्रेत, मिरवणुकीत आयुष्य गेलं, पण कुणाच्या तोंडावर वाजवायचं नाही ही समज पक्की. आम्ही दोन आठवडे घालवून जिथं पोचलो तिथं मामा पहिल्या दिवसापासून उभे होते.

४ एप्रिल

वचनाचं काम. गिटारवाल्याच्या आजींनी सिद्धरामेश्वरांचं एक वचन म्हणून दाखवलं आणि ते घ्यायचंच असं सगळ्यांनी ठरवलं. ज्या गावाचं ग्रामदैवत बाराव्या शतकातला कन्नड वचनकार आहे, तिथल्या बँडनं एक तरी वचन गायला हवं.

अडचण लयीची. वचन म्हणजे गद्यच. मात्रांचा हिशेब नाही, ओळी लहानमोठ्या. चार ठोक्यांच्या कप्प्यात बसवायला गेलं की शब्दांचे लचके तुटतात. पुष्कळ झटापटीनंतर कप्पे सोडूनच दिले. मी एकच सूर धरून ठेवतो, ड्रम गप्प, गायिका मोकळी म्हणते. प्रत्येक वचनाच्या शेवटी त्यांची मुद्रिका, म्हणजे सहीसारखं ठरलेलं नाव, येते: कपिलसिद्धमल्लिकार्जुना. तिथं सगळे एकदम आत येतो. कानाकोपरा माहीत असलेल्या जागी बोट ठेवल्यासारखं ते नाव येतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथं उतरायचं.

गायिकेला कन्नड येत नाही. तिनं देवनागरीत लिहून घेतलं. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या लिपीत तो फरक दिसत नाही. दीर्घ जागी तिनं लाल पेनानं रेघा मारल्या. आजी फोनवर बसून एकेक शब्द दुरुस्त करून घेत होत्या. मधेच गिटारवाल्यानं त्यांना आमचा शेवटचा भाग ऐकवला. आजी म्हणाल्या, "चांगलं हाय. पर देवाचं हाय रे, वरडू नका."

११ एप्रिल

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. हद्दीवरच्या आवाजाचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यावसायिक भागात ६५. लाउडस्पीकर लावलेल्या जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. लॉनच्या मागच्या भिंतीपलीकडे घरं आहेत, म्हणजे तिथं ६५ धरून चालायचं.

हिशेब केला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून पाच मीटरवर ९० असेल तर दहावर ८४, वीसवर ७८, चाळीसवर ७२. मागची भिंत साधारण पन्नास मीटरवर. म्हणजे स्पीकरचं तोंड भिंतीकडे ठेवून नियम पाळणं अवघडच. स्टेज फिरवायचं ठरलं. तोंड रस्त्याच्या बाजूला आणि स्पीकर स्टँडवर वर चढवून खाली, लोकांकडे झुकवलेले.

साउंडवाले अण्णा भीमजयंतीच्या गडबडीत. त्यांचं सगळं सामान बाहेर. फोनवर म्हणाले, "चार टॉप, चार बेस टाकतो की. दोन-दोनात काय हुतंय बे? बारशाला याच्यापेक्षा जास्त लावतो मी." आम्हांला दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), दोन बेस (खालच्या सुरांचे) आणि स्टेजवर वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले चार मॉनिटर स्पीकर हवेत, हे पटवायला वेळ लागला. लोकांसाठी कमी आणि वाजवणाऱ्यांसाठी जास्त मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पहिल्यांदा पाहिलं असणार. पण वाजवणाऱ्याला स्वतःचं नीट ऐकू आलं तरच तो हात आवरतो. तेवढ्यासाठीच मॉनिटर.

१८ एप्रिल

उन्हाचा प्रयोग. दुपारी शेडच्या दारात, उन्हात बास ठेवला. अर्ध्या तासात चारही तारा उतरल्या. तापली की तार पसरते, ताण कमी होतो, सूर खाली येतो. हलगीचं नेमकं उलटं. ऊब लागली की कातडं आवळतं आणि आवाज चढतो, म्हणून तर ती शेकतात. २६ तारखेला साउंडचेक साडेपाचला, उन्हात. कार्यक्रम साडेसातला. म्हणजे उन्हात लावलेल्या तारा सूर्य बुडाल्यावर चढणार आणि हलगी बसणार. दोघी दोन दिशेला.

फायबरची हलगी आणावी का, असं ड्रमरनं सुचवलं. तिला ऊन-वाऱ्याचा त्रास नाही. मामांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. विषय संपला. लॉनवर जाळ करायला मनाई आहे, तेव्हा स्टेजमागं फरशीवर घमेल्यात कोळसे.

२४ एप्रिल

लॉनवर जाऊन बोर्ड तपासला. फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १९ व्होल्ट, हे ठीक नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. मीठ-कोळसा घातलेला असला तरी ओल नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि एप्रिलमधल्या सोलापुरात ओल कुठली?

व्यवस्थापकांना म्हटलं, चार बादल्या पाणी लागेल. "कशाला?" जमिनीत ओतायला. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे वाक्य उच्चारायला धीर लागतो. त्यांनी चार वेळा विचारून खात्री केली आणि शेवटी धुण्याचं उरलेलं पाणी दिलं. ओतून तासाभरानं मोजलं, तीन व्होल्टच्या खाली. २६ ला सकाळी पुन्हा ओतायचं.

इथं एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. घूं असा हम आला की अर्थिंगची पिन तोडून प्लग लावायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. हम जातो, हे खरं. पण मग गिटार हातात आणि माइक ओठाला, या दोन्हींच्या मधे माणूस हीच एक वायर उरते. आपल्या स्टेजवर हे कुणीही करायचं नाही. हम घालवायचा तर साउंडची सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या. दिवे वेगळ्या फेजवर. गिटारला आणि बासला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल साउंडच्या मिक्सरला नीट पोचवणारी डबी. लाइट गेली तर २५ केव्हीएचा जनरेटर.

२६ एप्रिल (रात्री उशिरा)

दुपारी चारला स्टेज तव्यासारखं. ड्रमच्या खाली गालिचा टाकल्याशिवाय पायच ठेवता येईना. साउंडचेकचा क्रम आम्ही उलटा लावला. सगळीकडे आधी किक, स्नेअर असं करत शेवटी गळा घेतात. आज आधी फक्त गळा. गायिका एकटी गायली, मी लॉनच्या टोकाला, शेवटच्या खुर्चीशी उभा. शब्द स्वच्छ. मग एकेक वाद्य आत, आणि ज्यानं शब्द झाकला त्यानं तिथंच कमी करायचं. गिटार दोनदा कमी झाली, बास एकदा. हाय-हॅटचा माइक अण्णांनी बंदच केला; मोकळ्यावरही ती पुरेशी ऐकू येत होती.

अण्णा सुरुवातीला कंटाळलेले. तिसऱ्या गाण्याला स्वतःच गिटारचा वरचा पट्टा थोडा कापला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ऐकणारा माणूस आहे, सामान कितीही मोठं असो.

साडेसातला शंभरेक लोक, आठपर्यंत लॉन भरलं. पहिल्या गाण्याला मागून पोरं ओरडली, "आवाज वाढव की बे!" गायिका माइकवर म्हणाली, "तुम्ही जरा पुढं या की." आश्चर्य म्हणजे आली. स्टेजच्या पुढ्यात दोन-तीन रांगा खाली बसल्या. मोकळ्या मैदानात एवढं साधं असतं: आवाज दुप्पट करण्यापेक्षा माणूस जवळ येणं सोपं.

अपेक्षेप्रमाणे तारा चढल्या, माझी खालची तार दहा-बारा सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर). दर दोन गाण्यांनी ट्यूनर. त्या मोकळ्या वेळात मामा स्टेजमागं हलगी शेकून यायचे. लोकांना वाटलं हे ठरवून केलंय, कारण मामा परत आले की दर वेळी टाळ्या. चौथ्या गाण्याच्या मधे ड्रमरच्या काड्यांची जुडी सुटली. काड्या उडाल्या, पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी त्या गोळा करून नीट रचून स्टेजच्या कडेला ठेवल्या. दुसरी जुडी तयारच होती.

वचनाला लॉन शांत झालं नाही. उलट कुजबूज वाढली. लोक एकमेकांना सांगत होते, हे काय आहे ते. मुद्रिकेला आम्ही आत आलो तेव्हा डाव्या बाजूचे आजोबा हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या शेजारचा पोरगा मोबाइलचा टॉर्च हलवत होता. दोन्ही एकाच वेळी चाललं.

पावणेदहाला हवालदार आले. फाटकाशी थोडा वेळ ऐकलं, मग विचारलं, "किती राहिलंय?" एकच गाणं. "नळाचं झालं का?" झालं म्हटल्यावर जरा हिरमुसले. नऊ पंचावन्नला आम्ही बंद केलं.

२८ एप्रिल

गायिकेनं मागच्या रांगांमध्ये कागद वाटले होते, नळाच्या गाण्यासाठी. आलेले आज तपासले. 'आली जाग' बहुतेकांनी बरोबर लिहिलं. 'घागर'ही. चुकलं ते तिसऱ्या कडव्यात. 'टाकीवरचा पाट्या टाकणारा' याचं 'टाकीवरचा काट्या खाणारा', 'टाकी परचा' असं काहीही झालंय. तिथं मी आणि गिटार एकदम चढतो, शिवाय ओळच ट-ट नं भरलेली. गायिकेचं म्हणणं, ओळ बदलू. गिटारवाल्याचं म्हणणं, वाजवणं बदलू. अजून ठरलेलं नाही. मला ओळ आवडते.

मागच्या भिंतीपलीकडच्या घरी जाऊन विचारून आलो. मोबाइलवरचा मीटर कितपत खरा कोण जाणे, त्यापेक्षा माणसं बरी. खालच्या मजल्यावर कळलंही नाही, गच्चीवर स्पष्ट ऐकू येत होतं. पुढच्या वेळी स्पीकर आणखी झुकवायचे.

हिशेब: तिकिटांतून लॉन, अण्णा आणि जनरेटर सुटले. मामांना ठरल्यापेक्षा जास्त दिले. आम्हां चौघांना काही उरलं नाही, ड्रमरनं मात्र काड्यांचे चाळीस रुपये मागितले आणि घेतले.

गिटारवाला २ मेला येतोय. तोवर मी बासच्या जॅकची सैल झालेली झाळ करून घेतो आणि तिसऱ्या कडव्यात बास न चढवता वाजवून बघतो. अण्णांनी फोन करून विचारलंय, जूनमध्ये एका लग्नात "असं हळू" वाजवाल का. गायिका नको म्हणतेय. ड्रमरला पैसे हवेत.